काकांची फाइल आणि हृदयाचे डॉक्टर

काकांची प्लास्टी झाली, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली नळी फुग्याने उघडली, त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून त्यांच्या कपाटात एक निळी प्लॅस्टिकची फाइल आहे. तपासणीला निघताना काकू आधी ती पिशवीत टाकते, मग पाण्याची बाटली. परवा गावी गेले तेव्हा त्या फाइलमधले कागद नीट लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यात जुना कागद तळाशी, नवा वर. लावता लावता माझ्या लक्षात आलं, की हृदयाचं वैद्यक गेल्या दोन-अडीचशे वर्षांत ज्या क्रमाने घडत गेलं, जवळजवळ त्याच क्रमाने हे कागद एकावर एक बसले आहेत. काका शेजारी बसून विचारत होते, "एका दुखण्याला इतके कागद कशाला लागतात गं?" त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

तळाचा कागद म्हणजे आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांचा केसपेपर. त्यावर एवढंच आहे: 'चढ चढताना छातीत जड वाटतं, थांबलं की बरं वाटतं. बीपी १५०/९०.' काका तोवर महिनाभर गॅस झालाय म्हणून ओवा खात होते.

'चालताना दुखतं, थांबलं की जातं' हे लक्षण पहिल्यांदा नीट टिपून ठेवलं ते लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी. १७६८ साली त्यांनी ते इतर वैद्यांसमोर वाचून दाखवलं आणि १७७२ मध्ये ते छापून आलं. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छाती आवळल्यासारखी होते आणि उभं राहताच ती वेदना नाहीशी होते, असं त्यांनी लिहिलं. या दुखण्याला त्यांनी दिलेलं 'अँजायना' हे नाव आजही चालू आहे. कारण मात्र त्यांना सांगता आलं नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या अरुंद झाल्या, की आरामात पुरेसं पडणारं रक्त चढावर कमी पडतं, हे उमगायला पुढे बराच काळ जावा लागला. नुसतं रुग्णाचं बोलणं लक्ष देऊन ऐकल्याने केवढं कळू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आजही चांगला डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतो: चालताना दुखतं का, आणि थांबल्यावर जातं का?

आता बीपी. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. दीड हजार वर्षं युरोपात गेलन या प्राचीन वैद्याचं म्हणणं चालत होतं, की रक्त यकृतात तयार होतं आणि शरीरभर जाऊन संपून जातं. विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये ते खोडून काढलं आणि त्यासाठी त्यांनी चक्क हिशोब मांडला. तो आजच्या आकड्यांत करून पाहू. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर झाले पाच लिटर. माणसाच्या अंगात एकूण रक्तच सुमारे पाच लिटर असतं. मिनिटाला पाच लिटर रक्त नव्याने तयार होणं शक्यच नाही. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. रक्ताभिसरण हा शब्द आपण शाळेत पाठ केला, पण तो अशा सरळ गुणाकारातून सिद्ध झाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

फिरणाऱ्या रक्ताला जोर किती असतो, हे इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या पाद्र्याने घोडीच्या धमनीत नळी बसवून मोजलं. काचेच्या उभ्या नळीत रक्त आठ फुटांहून वर चढलं. १७३३ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. निरोगी माणसाचा बीपी १२० म्हणतात, ते पाऱ्याचे मिलिमीटर आहेत. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड, म्हणून पाण्याच्या नळीत तोच दाब सव्वापाच फुटांच्या आसपास भरेल. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या उंचीकडे बघितलं.

नळी न खुपसता दाब मोजण्याची सोय झाली ती १८९६ मध्ये, इटलीच्या रिवा-रोची यांच्या दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यामुळे. पण त्यांना फक्त वरचा आकडा मिळायचा. १९०५ मध्ये रशियाचे निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याच्या खाली, कोपराच्या खळग्यात स्टेथोस्कोप ठेवून ऐकलं. पट्टा घट्ट असताना काहीच ऐकू येत नाही. हवा सोडत गेलं की एका क्षणी टक् टक् सुरू होतं, तो वरचा आकडा. पुढे आवाज थांबतो, तो खालचा. १५०/९० म्हणजे आवाज १५० ला सुरू झाला आणि ९० ला बंद पडला.

आणि तो स्टेथोस्कोप १८१६ चा, पॅरिसच्या नेकेर रुग्णालयातला. रेने लाएनेक या डॉक्टरांसमोर एक तरुणी होती, अंगाने जाड. तिच्या छातीला कान लावणं त्यांना प्रशस्त वाटेना. लाकडी तुळईच्या एका टोकावर टाचणीने ओरखडलं तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येतं, हे त्यांना आठवलं. त्यांनी कागद घट्ट गुंडाळून त्याची नळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसऱ्याला कान लावला, आणि नुसत्या कानापेक्षा कितीतरी स्वच्छ ऐकू आलं. हा माणूस बासरी वाजवायचा आणि लाकूडकाम जाणायचा, त्यामुळे पुढची लाकडी नळीही त्याने हातानेच घडवली. १८२६ मध्ये तो क्षयाने गेला, म्हणजे ज्या छातीच्या रोगांसाठी ही नळी केली त्याच रोगाने.

इथवर हृदयाचा असा वेगळा डॉक्टर कुणीच नव्हता. छाती ऐकणारा तोच ताप बघायचा आणि तोच पोट बघायचा. वेगळा डॉक्टर निर्माण झाला फाइलमधल्या पुढच्या कागदामुळे. तो गुलाबी चौकटींचा, लांबट, गुंडाळी होऊ पाहणारा ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विजेचा आलेख.

काकांना त्या रात्री दुखायला लागलं तेव्हा थांबूनही दुखणं जाईना. घाम सुटला. तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, मोबाइलने फोटो घेतला आणि शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं: अटॅक आहे, नळीतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन द्या आणि हलवा. आम्हाला हे अगदी आजकालचं वाटलं. प्रत्यक्षात नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइन्थोव्हेन यांनी १९०५ मध्येच हे केलं होतं. त्यांचं यंत्र जवळजवळ पावणेतीनशे किलोचं, ते चालवायला पाच माणसं लागत. प्रयोगशाळेतून ते हलवणं अशक्य, आणि रुग्णाला यंत्रापर्यंत नेणंही कठीण. म्हणून रुग्ण रुग्णालयातच हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचा आणि टेलिफोनच्या तारेवरून त्याच्या हृदयाची वीज दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत जायची.

वीज म्हणजे काय? हृदयाचा प्रत्येक ठोका एका बारीक विद्युत लहरीने सुरू होतो. ती वरच्या कप्प्यांतून खाली उतरते आणि तिच्यामागून स्नायू आकसतो. ईसीजीत पहिली छोटी टेकडी वरच्या कप्प्यांची, उंच सुळका खालच्या कप्प्यांचा आणि नंतरची गोल टेकडी हृदय पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होतं त्याची. या टेकड्यांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं आइन्थोव्हेन यांनीच दिली. १९२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. घरी ईसीजी असेल तर एक गंमत करून बघा. दोन सुळक्यांच्या मधली मोठ्या चौकटींची घरं मोजा आणि ३०० ला त्या आकड्याने भागा. काकांच्या ताज्या ईसीजीत चार घरं भरली, म्हणजे मिनिटाला ७५ ठोके. अटॅकच्या रात्रीच्या कागदावर मात्र सुळका आणि टेकडी यांच्यामधली सपाट रेघ काही ठिकाणी वर उचललेली दिसते. डॉक्टरांनी त्याच्याभोवती पेनाने गोल केला आहे.

हे कागद वाचता येणारे लोक म्हणजेच पहिले हृदयरोगतज्ज्ञ. लंडनला टॉमस लुईस यांनी ठोक्यांचे बिघाड ईसीजीवरून समजावून सांगितले. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये ठासून मांडलं, की हृदयाच्या नळीत गाठ अडकली तरी माणूस जगू शकतो. तोवर अशी गाठ म्हणजे तत्काळ मृत्यू असाच सर्वसाधारण समज होता. त्यांच्याकडे सुरुवातीला फारसं कुणी लक्ष दिलं नाही. ईसीजीवर अटॅकची खूण दिसायला लागली तेव्हा कुठे लोकांना पटलं. पुढे भारतातही कार्डिऑलॉजिकल सोसायटी, म्हणजे हृदयरोगतज्ज्ञांची संघटना, स्थापन झाली.

त्या इंजेक्शनविषयीही दोन शब्द. १९८८ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. अटॅक आलेल्या किंवा तशी शंका असलेल्या १७,१८७ रुग्णांवर तो केलेला होता. ज्यांना गाठ विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी अ‍ॅस्पिरिन दोन्ही मिळालं, त्यांच्यात पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू, काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी होते. काकांना आता वेगळं, नवं औषध मिळालं, पण तत्त्व तेच. नळी जितकी लवकर मोकळी होईल तितका स्नायू वाचतो. म्हणून छातीत दुखून घाम सुटला तर सकाळपर्यंत वाट बघू नये.

पुढचा कागद टूडी एकोचा, काळ्या-पांढऱ्या पंख्यासारख्या चित्राचा. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी करतात तसाच हा प्रकार: आवाज पाठवायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. स्वीडनमधल्या लुंड इथे १९५३ मध्ये इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेलमुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी तो हृदयावर पहिल्यांदा वापरला. हर्ट्झ यांनी त्यासाठी माल्मोच्या जहाज-कारखान्यातलं यंत्र मागून आणलं होतं. लोखंडाच्या पत्र्यात कुठे भेग आहे का, हे तपासायचं यंत्र. एडलर यांना हवी होती झडपेची खबर. झडप अरुंद आहे की गळते, हे छाती उघडण्याआधी कळलं तर कुणाचं ऑपरेशन करायचं ते ठरवता येणार होतं.

या कागदावरच्या एका आकड्याने घराघरात घबराट होते, म्हणून तो नीट सांगते. 'ईएफ', किंवा बोलीत 'पंपिंग'. काकांचं ४५ आलं तेव्हा काकू रडायलाच लागली, म्हणाली, "अर्ध्याहून जास्त हृदय गेलं गं." तसं नसतं. खालचा डावा कप्पा भरला की त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, एवढाच त्याचा अर्थ. निरोगी माणसातही सगळं रक्त बाहेर जात नाही, ५५ ते ७० टक्केच जातं. म्हणजे ४५ हे शंभरपैकी नव्हे, साठ-पासष्टपैकी वाचायचं. थोडं कमी आहे, गेलेलं नाही.

मग अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या नळ्यांत रंग सोडून एक्स-रेखाली त्या बघायची तपासणी. इथे मी थोडी जास्त थांबणार, कारण वैद्यकात इतकी धाडसाची गोष्ट दुसरी कुठली असेल असं मला वाटत नाही.

जिवंत माणसाच्या हृदयाला हात लावायचा नाही, ही समजूत पार विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. १९२९ मध्ये बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावातल्या रुग्णालयात वेर्नर फोर्समन नावाचा पंचवीस वर्षांचा शिकाऊ डॉक्टर होता. हाताच्या शिरेतून रबरी नळी सरकवत नेली तर ती हृदयापर्यंत जाईल आणि माणूस मरणार नाही, असं त्याचं म्हणणं. वरिष्ठांनी मनाई केली. निर्जंतुक साहित्याची किल्ली गेर्डा डिट्झन या परिचारिकेकडे होती. त्याने तिला पटवलं. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर कर. त्याने तिला टेबलावर झोपवून बांधलं, आणि तिच्या नकळत स्वतःच्याच कोपरात चीर देऊन नळी आत घातली. मग दोघं जिना उतरून तळघरातल्या एक्स-रे खोलीत गेली. आरशात पडद्यावरचं चित्र बघत त्याने नळी ६५ सेंटिमीटरपर्यंत पुढे सरकवली. एक्स-रेच्या छायेत तिचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसत होतं. त्याची वाहवा झाली नाही. पुढे तो मूत्रविकाराचा डॉक्टर झाला. न्यूयॉर्कचे कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी त्याची पद्धत पुढे नेली आणि १९५६ मध्ये तिघांना मिळून नोबेल मिळालं.

पण हृदयाच्या स्वतःच्या बारीक नळ्यांमध्ये रंग सोडायचं धाडस अजून कुणी करत नव्हतं. त्याने हृदय थांबेल अशी भीती होती. १९५८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथे मेसन सोन्स एका तरुणाची झडप तपासत होते. महाधमनीत सोडायचा रंग, नळीचं टोक घसरल्यामुळे थेट हृदयाच्या उजव्या नळीत गेला, तोही बराच. हृदय थांबलं. सोन्स ओरडले, खोका! तो तरुण खोकला, पुन्हा खोकला आणि ठोके परत सुरू झाले. घाम पुसून झाल्यावर सोन्स यांच्या लक्षात आलं, की इतका रंग जाऊनही माणूस जगला, म्हणजे थोडा रंग मुद्दाम सोडता येईल. काकांच्या फाइलमधली सीडी हे त्या चुकीचं फळ आहे. तिच्यात झाडाच्या फांद्यांसारख्या नळ्या काळ्या दिसतात आणि एका जागी फांदी एकदम चिमटल्यासारखी होते. तेच ब्लॉकेज.

सीडी बघून डॉक्टरांनी प्लास्टी की बायपास, म्हणजे ऑपरेशन करून अडलेल्या जागेला वळसा घालणारी नवी वाट, यावर बोलायला दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. काकू मला हळूच म्हणाली, "हे दोघं वेगळे का? दोघंही हार्टचेच ना?" हा घोळ अनेकांचा होतो. एक हृदयरोगतज्ज्ञ: एमबीबीएस, मग मेडिसीनची एमडी, मग तीन वर्षांची डीएम. ते औषधं देतात, नळी घालतात, फुगा आणि स्टेंट बसवतात, पण छाती उघडत नाहीत. दुसरे हृदयशल्यविशारद: सर्जरीची एमएस आणि मग एमसीएच. बायपास आणि झडप बदलणं हे त्यांचं काम. लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर वेगळे आणि ठोक्यांच्या विजेचे आणखी वेगळे.

लहान मुलांचं हे शास्त्र उभं केलं बाल्टिमोरच्या हेलन टॉसिग यांनी. त्यांना ऐकू फार कमी यायचं. छाती ऐकून निदान करण्याच्या त्या काळात त्या तान्ह्या बाळांच्या छातीवर बोटं ठेवून झडपांची थरथर ओळखायच्या. जन्मतःच हृदयात दोष असलेली, ओठ-नखं निळी पडणारी बाळं त्यांच्याकडे यायची. फुप्फुसाला जादा रक्त मिळालं तर ही मुलं जगतील, असं त्यांनी शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांना सुचवलं. प्रयोगशाळेतलं सगळं काम व्हिव्हियन टॉमस या कृष्णवर्णीय सहायकाने केलं. त्यांच्याकडे कॉलेजची पदवीसुद्धा नव्हती. २९ नोव्हेंबर १९४४ च्या पहिल्या ऑपरेशनला ते ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभं राहून प्रत्येक टाका सांगत होते. त्यांचं श्रेय त्यांना फार उशिरा मिळालं, आणि याचा मला राग येतो. याच टॉसिग यांच्याकडे शिकून आल्या डॉ. एस. पद्मावती, भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी दिल्लीत हृदयरोगाचं शिक्षण उभं केलं आणि शंभरी ओलांडल्यावर २०२० मध्ये कोविडने त्या गेल्या.

काकांच्या वाट्याला शेवटी प्लास्टी आली. ती पहिल्यांदा हृदयावर केली आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी, झुरिचला, १६ सप्टेंबर १९७७ रोजी. नळीच्या टोकावरचे फुगे ते घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतः बनवायचे. पहिला रुग्ण ३८ वर्षांचा होता आणि पूर्ण जागा होता, काकांसारखाच. दहा वर्षांनी त्याची पुन्हा अँजिओग्राफी केली तेव्हा नळी उघडीच होती. ग्रुन्टझिग मात्र तोवर विमान अपघातात गेले होते. फुग्याने उघडलेली नळी कधीकधी परत बसते, म्हणून १९८६ पासून तिथे जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, ठेवायला लागले. काकांच्या स्टेंटचा लांबी-रुंदीचा छोटा स्टिकर फाइलमधल्या कार्डावर आहे. ते कार्ड सांभाळून ठेवायचं.

सगळ्यात वर डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची यादी. "नळी उघडली, आता गोळ्या कशाला?" हा काकांचा नेहमीचा प्रश्न. स्टेंटने एक जागा उघडली. पण चरबीचे थर सगळ्याच नळ्यांत कमीजास्त असतात, आणि बीपी त्यांच्यावर रात्रंदिवस आदळत असतो. बीपी, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाने दाखवून दिला. १९४८ पासून तिथल्या ५,२०९ माणसांची वर्षानुवर्षं तपासणी होत गेली, त्यातून.

बीपीच्या गोळीपाशी आले तेव्हा मी काकांना म्हटलं, या गोष्टीतला एक माणूस तुमच्या परळचा. काका १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत होते, केईएमवरून त्यांचं रोजचं येणं-जाणं. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ, केईएममध्ये काम केलेले. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. वकिलांनी ती वाढलेल्या बीपीच्या ५० रुग्णांना दिली, मोजमाप ठेवलं आणि १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगाच्या मासिकात ते प्रसिद्ध केलं. बीपी औषधाने उतरवता येतो, यावर तेव्हा जगात फारसा कुणाचा विश्वास नव्हता. तीन वर्षांनी त्या मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसरपीनने काहींचं मन फार खचायचं, म्हणून ते मागे पडलं आणि त्याहून बऱ्या गोळ्या आल्या. त्याच केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदलण्याचं ऑपरेशन केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या जगातल्या पहिल्या ऑपरेशनला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. भारतात ते यशस्वी व्हायला १९९४ उजाडावं लागलं.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या खोलीतला एक जण होता, सर्पगंधा घ्यायचा. चक्कर येते म्हणून. आम्ही त्याला हसायचो." त्यांनी गोळ्यांचं पाकीट उघडलं, रात्रीची गोळी काढली आणि काकूला पाणी मागितलं.